काचेवरचा वाटाड्या

आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, एक पुसट गोल वलय उमटलेले आहे. गाडी कितीही धुतली तरी ते जात नाही, कारण धुऊन झाली की तासाभरात मी त्याच जागी पुन्हा ती रबरी वाटी दाबून बसवतो आणि तिच्या दांड्याला ते यंत्र अडकवतो. पत्त्यांच्या जोडाहून थोडे मोठे, काळे, कडेला वायर लोंबणारे हे यंत्र उपग्रहांकडून जागा विचारून रस्ता सांगते. हल्ली गाडीत बसणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहतो. फोनवर सगळे फुकट मिळत असताना हे कशाला, हा प्रश्न बहुतेक जण विचारतात, आणि जे विचारत नाहीत ते घरी जाऊन आपसांत विचारत असावेत.

ते मी २०११ साली पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. दुकानदाराने काउंटरवर तीन यंत्रे ओळीने मांडली. पहिल्याचा पडदा साडेतीन इंची, दुसऱ्याचा ४.३ आणि तिसऱ्याचा पाच. पडद्यागणिक किंमत चढत होती. “साहेब, ह्याच्यात गाणी वाजतात, पिक्चर दिसतो, फोटो बघता येतात,” असे म्हणत त्याने पाच इंचीवर कुठल्याशा सिनेमातले नाचाचे दृश्य लावूनही दाखवले. गाडी चालवताना सिनेमा कोणी पाहायचा, हे मी त्याला विचारले नाही. पण त्याहून मोठी चूक अशी, की नकाशाविषयीही काही विचारले नाही. नकाशा कोणाचा, कोणत्या सालचा, तालुक्याच्या गावातल्या गल्ल्या त्यात आहेत की नुसता गावाच्या नावाचा ठिपका आहे, पुढचे नकाशे मिळणार कसे आणि त्यांना यंत्राच्या पोटात जागा उरणार का, हे सगळे विचारायचे प्रश्न मला पुढे चार-पाच वर्षांनी सुचले. मधले यंत्र घेऊन, पडद्यावर कागद चिकटवावा की नाही याची मात्र सखोल चर्चा करून, मी घरी आलो. खोक्यावर ‘लाइफटाइम मॅप’ असे लिहिलेले होते. हे आयुष्य माझे नसून यंत्राचे, आणि यंत्राचे आयुष्य किती हे ठरवणार कंपनी, एवढा बोध व्हायलाही काही वर्षे गेलीच.

या एका डबीत मुळात दोन वेगळ्या प्रकारचे ज्ञान एकत्र नांदत असते. त्यातले पहिले वरून येते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे तीसेक उपग्रह दिवसाला दोन प्रदक्षिणा घालत असतात आणि प्रत्येक जण अखंड एवढेच सांगत असतो, की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता एवढे वाजले आहेत. तो निरोप खाली यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते. चौथा लागतो तो यंत्राच्या स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक पकडण्यासाठी, कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात तीनशे मीटरचा फरक पडतो. इतकेच नव्हे, तर सापेक्षतेच्या नियमाने उपग्रहावरचे घड्याळ आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळते, तेही आधीच हिशेबात धरलेले असते. धरले नसते तर रोज दहा किलोमीटरच्या आसपास चूक साचत गेली असती. अमेरिकेने नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली खोट २ मे २००० रोजी काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंतची चूक दहा-वीस मीटरवर आली. त्यापूर्वी असले यंत्र गाडीत बसवले असते, तर आपण कर्वे रस्त्यावर आहोत की शेजारच्या सोसायटीच्या टाकीवर, हे त्याला सांगता आले नसते.

हे सगळे मी एकदा आत्याला समजावून सांगत होतो. ती मागच्या सीटवर डब्यातले लाडू मोजत होती.

“अरे, म्हणजे वरून त्यांना आपली गाडी दिसते का?”

“नाही आत्या. आपण आहोत हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही. ते नुसती वेळ सांगत राहतात, हे ऐकतं.”

“म्हणजे आकाशवाणीच की!” ती म्हणाली आणि पुन्हा लाडवांकडे वळली. यापेक्षा नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही.

दुसरे ज्ञान म्हणजे नकाशा, आणि ते मात्र पूर्णपणे जमिनीवरचे, माणसांनी गाड्या फिरवून गोळा केलेले आणि म्हणूनच ऐकीव असते. आकाशवाणी फक्त अक्षांश-रेखांश सांगते. त्या जागी रस्ता आहे, तो दुहेरी आहे, पुढे पूल आहे, हे सांगणारा कोणी तरी माणूस असतो आणि तो तेथून कधी गेला होता, यावर सगळे अवलंबून असते. पुण्यात तर त्याची आणखी पंचाईत होते. आमच्याकडे पत्ता सांगण्याची पद्धत देवांच्या आधाराने चालते: पत्र्या मारुतीच्या समोर, खुन्या मुरलीधराच्या मागच्या बोळात, भिकारदास मारुतीवरून पुढे आलात की उजवीकडे. पेठेतला घर क्रमांक पोस्टमनखेरीज कोणाच्या कामाचा नसतो. यंत्राला मात्र आधी शहर, मग रस्ता, मग क्रमांक, असे क्रमाने सांगावे लागते, तेही इंग्रजी स्पेलिंगने. आणि एखाद्या गावाचे स्पेलिंग नकाशा करणाऱ्याने स्वतःच्या कानाने ठरवलेले असले, तर ते गाव महाराष्ट्रात नाहीच असे ते शांतपणे कळवते. उच्चारांचे तर बोलायलाच नको. डॉ. केतकर रस्त्याला ते ‘ड्राइव्ह केतकर रोड’ म्हणत असे, कारण ‘डीआर’ या दोन अक्षरांचा त्याला तेवढाच अर्थ शिकवलेला होता. पहिल्या दिवशी आम्ही सगळे हसलो. महिन्याभराने आमच्याच घरात तो रस्ता त्या नावाने ओळखला जाऊ लागला.

यंत्र वापरताना मी शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे ‘सर्वांत जवळचा’ आणि ‘सर्वांत लवकरचा’ या दोन पर्यायांपैकी पहिल्याकडे चुकूनही वळायचे नाही. आपला कंजूषपणा तेथे उफाळून येतो आणि सात किलोमीटर वाचवण्यासाठी यंत्र आपल्याला अशा रस्त्यावर घालते, की समोरून एसटी आली तर कोणी मागे जायचे याची वाटाघाट करावी लागते. एका जुलैमध्ये महाडला जाताना त्याने भोरवरून वरंधा घाट काढून दिला. अंतर कमी होते हे खरेच. पण पावसाळ्यात दरडींच्या भीतीने तो घाट बंद करतात, ही गोष्ट त्याच्या नकाशात कोठून असणार? भोरच्या पुढे रस्त्यात आडवे बॅरिकेड, त्यावर टांगलेला फलक आणि शेजारी ओल्या रेनकोटमध्ये उभा असलेला पोलीस. मी काच खाली करताच तो पडद्याकडे पाहून म्हणाला, “त्याला म्हणावं, कलेक्टरसाहेबांचा आदेश आहे.” यंत्र मात्र पुढचे सहा किलोमीटर सरळ जायला सांगत होते.

याउलट, त्याच्यावर अविश्वास दाखवून मी एकदा चांगलाच फसलो असतो. दापोलीहून गुहागरला जायचे होते. खेड-चिपळूणवरून गेले तर शंभर किलोमीटरच्या घरात पडते, आणि यंत्र तर जेमतेम निम्मे दाखवत होते. दाभोळपर्यंतचा रस्ता उतरत खाडीवर आला आणि पडद्यावर पाहतो तो पुढची रेघ थेट पाण्यातून, तुटक तुटक ठिपक्यांनी, पलीकडच्या धोपाव्याला गेलेली. क्षणभर वाटले, बिघडले. पण धक्क्यावर खरोखरच फेरीबोट लागलेली होती आणि गाड्या उलट्या घेत तिच्यावर चढवल्या जात होत्या. आमचीही चढली. बोट सुटल्यावर मी इंजिन बंद केले, पण यंत्र चालूच ठेवले आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत वाशिष्ठीच्या मुखाकडे पाहायचे सोडून त्याच्याकडेच पाहत बसलो. पडद्यावर सगळीकडे निळे, मधोमध आपला बाण आणि कोपऱ्यात वेग ताशी दहा. भरतीच्या ओढीने बोट जराशी बाजूला सरली, की बाणही ठिपक्यांच्या रेषेवरून सरकायचा आणि मग पुन्हा खेचून रेषेवर आणला जायचा. हे खेचणे म्हणजे त्याची नेहमीची सवय: आकाशातून आलेली जागा आणि नकाशातला रस्ता यांत थोडे अंतर पडले, की ते बाणाला उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवते, गाडी रस्त्यावरच असणार असे गृहीत धरून. एरवी हे लक्षात येत नाही. पाण्यावर, जेथे रस्ताच नव्हता, तेथे ते स्वच्छ दिसले.

देखभालीचे फार सांगण्यासारखे नाही. रबरी वाटी लावण्याआधी काच ओल्या फडक्याने पुसावी, नाही तर उन्हाळ्यात भर घाटात ती सुटते आणि यंत्र क्लचपाशी जाऊन पडते. उन्हात बंद गाडीत ते ठेवू नये, कारण बॅटरी फुगते. आणि पुष्कळ दिवसांनी, किंवा पुष्कळ लांब नेऊन सुरू केले, तर उघड्या आकाशाखाली त्याला थोडा वेळ द्यावा. रेल्वेने नागपूरला नेलेले माझे यंत्र स्टेशनाबाहेर चालू केल्यावर कितीतरी मिनिटे आपण कोथरूडमध्येच आहोत असे समजत होते. सगळ्या उपग्रहांचे वेळापत्रक नव्याने ऐकून घ्यायला पूर्ण साडेबारा मिनिटे लागतात. माणसालाही परगावी उतरल्यावर चहा होईपर्यंत एवढा वेळ लागतोच.

नकाशा शेवटचा बदलला तो २०१३ साली. त्यानंतरचा नकाशा यंत्राच्या स्मृतीत मावेना, आणि पुढे कंपनीने त्या मॉडेलचे नकाशे काढणेच थांबवले. तेव्हापासून माझ्या गाडीत २०१३ चा महाराष्ट्र आहे. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोट करून पाडला, तेथे नवे उड्डाणपूल आणि वळणे आली, पण यंत्र अजून त्या नसलेल्या पुलाखालून जायला सांगते. आकाशाकडून येणाऱ्या ज्ञानात मात्र वर्षानुवर्षे काहीही बिघडले नव्हते, आणि एकदा बिघडले तेही विलक्षण रीतीने. २०२१ च्या भाऊबीजेला सकाळी यंत्र सुरू केले तर तारीख दिसली २३ मार्च २००२. उपग्रह आठवडे मोजतात ते ० ते १०२३ पर्यंतच, आणि मग पुन्हा शून्यापासून. तो आकडा कोणत्या फेरीतला हे यंत्राने स्वतः ओळखायचे असते, आणि माझ्या यंत्राची ओळखण्याची मुदत संपली होती. पूर्ण आठवडेच वजा झाल्याने वार मात्र बरोबर होता: शनिवार. जागाही बरोबर, बहिणीकडे पोहोचण्याची वेळही बरोबर. साडेएकोणीस वर्षे मागे जाऊनही ओवाळणीला उशीर झाला नाही.

फोनशी मी भांडत नाही. शहरात मी फोनच लावतो; रहदारी कोठे तुंबली आहे हे त्याला कळते आणि याला कळत नाही, एवढे एकच कारण पुरेसे आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने वळणावळणाचे मार्गदर्शन फोनवर फुकट देण्याची घोषणा केली, तेव्हाच खरे तर या डब्यांचे भवितव्य ठरले होते, आणि मी दोन वर्षांनी पैसे मोजून ती घेतली. पण ताम्हिणीत शिरताच फोनची रेंज जाते. आधी नकाशा उतरवून ठेवला असता तर तोही चालला असता, हे मला मान्य आहे; तो उतरवून ठेवायची आठवण ताम्हिणीत शिरल्यावर होते. शिवाय नेमके डावे वळण येत असताना बँकेचा फोन येऊन नकाशा झाकला जाणे हा प्रकार या यंत्रात संभवत नाही. त्याला दुसरे कोणतेही काम नाही.

गेल्या वर्षी आत्याला नागपूरहून शिर्डीला नेले, समृद्धी महामार्गाने. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, म्हणजे माझ्या नकाशाने कधी न ऐकलेला. शिवमडक्याला महामार्गावर चढलो आणि बाण पांढऱ्या कोऱ्या जागेत शिरला. वर्धा गेले, वाशीम गेले, जालना आले. खाली काळाभोर डांबराचा नव्हे, राखाडी काँक्रीटचा रुंद रस्ता, आणि पडद्यावर ताशी शंभरच्या वेगाने शेतांतून, ओढ्यांवरून, कोणाच्या तरी बांधांवरून धावणारा एकटा बाण. जवळ खेचून ठेवायला त्याला रस्ताच सापडत नव्हता. महामार्ग एखाद्या जुन्या रस्त्यावरून जात असे, तेव्हा तेवढ्या पुलापुरता तो आशेने त्या रस्त्याला चिकटे, “डावीकडे वळा” असे घाईने सांगे आणि पुढच्या क्षणी पुन्हा रानात जाई. आत्या सुरुवातीला हसली, मग तिला त्याची कीव आली. “बंद कर रे, दमला असेल,” असे ती दोनदा म्हणाली. मी केले नाही. जागा तर तो प्रत्येक क्षणी अचूक सांगत होता.

कोपरगावजवळ आम्ही महामार्ग सोडून खाली उतरलो. शिर्डीकडे जाणारा जुना रस्ता समोर आला, बाण एकदा इकडे, एकदा तिकडे झाला आणि अलगद रेषेवर जाऊन बसला. पाठोपाठ आवाज आला, की सरळ जा. पाच तासांच्या रानवाटेचा त्या आवाजात मागमूसही नव्हता. आत्याने मागच्या सीटवरून पडद्याकडे वाकून पाहिले आणि घरातला एखादा उनाड मुलगा नोकरीला लागल्याचे कळावे, तशा सुरात ती म्हणाली, “लागला बाई एकदाचा मार्गाला.”