मामींच्या सीटखालचं चाक

शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात पांढरी डिझायर माझ्या टायरच्या दुकानासमोर येऊन थांबली. मे महिना, सकाळचे साडेसात, तरी ऊन चटकायला लागलेलं. त्या आठवड्यात सोलापूरचा पारा ४३ च्या खाली उतरायला तयार नव्हता. गाडीतून मामा उतरले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आमचं जुनं गिऱ्हाईक. मागच्या सीटवर डाव्या बाजूला मामी, पाठीला दोन उशा लावून बसलेल्या. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, दर महिन्याला पुण्याला दाखवायला न्यावं लागतं.

"मालक, ऐंशीच्या पुढं गाडी थरथरतीया. बॅलन्सिंग तेवढं करून द्या, लगेच निघायचंय."

बॅलन्सिंग म्हणजे चाकाचा तोल सारखा करणं, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. चार वजनं चिकटवून पाठवून दिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण माझ्याकडे चाक खोलायच्या आधी हवा बघायची, हा नियम आहे, आणि सकाळचं पहिलं गिऱ्हाईक मला त्यासाठी फार मोलाचं वाटतं. दिवसभरात खरी हवा दिसते ती तेव्हाच. दुपारी मोहोळहून पळत आलेल्या गाडीची हवा तापून चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवते. लोक ती बघून हवा काढायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर गाडी बाहेर काढतात. किती जणांना सांगितलं याची गणती नाही.

गेज लावला. पुढचे दोन्ही २४. मागचा उजवा २३. मागचा डावा १४.

मी गेज बदलून पुन्हा बघितलं. १४ च.

बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कारण टायर होते २०५/५५ आर १६, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम सोळा इंची, तोही अलॉयचा, हलक्या मिश्रधातूचा. रुंद आणि बुटका टायर. त्याची साइडवॉल इतकी ताठ असते की हवा निम्मी गेली तरी तो पोट टेकत नाही. टायरला लाथ मारून "हवा हाय की" म्हणणाऱ्यांना तर हा टायर हमखास फसवतो.

तो डावा टायर रिमवरून उतरवायला सांगितला. पोराने मशिनवर एक बाजू सोडवली आणि टायर उचलून तिरका केला, तर आतून काळी पूड फरशीवर सांडली. बारीक, मिरीच्या भुकटीसारखी. मी ती तळहातावर घेऊन चोळली. रबर होतं. आत बोट फिरवलं तर साइडवॉलच्या आतल्या अंगाला गोल कड्यासारखी खरखरीत रेघ उठलेली. कमी हवेवर पळताना टायर प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी दुमडला होता आणि आतलं रबर आतच घासलं गेलं होतं. आणखी अडीचशे किलोमीटर, रस्ता तापलेला, वेग नव्वद-शंभर. इंदापूरपर्यंत तरी तो टिकला असता का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हवा का गेली तेही लगेच सापडलं. अलॉयची आतली कड एका जागी अंगठ्याएवढी आत दबली होती. खड्डा. थरथरीचं कारणही तेच, आणि हवा तिथूनच थोडी थोडी झिरपत होती. पण बाकीच्या तिघांतही २३-२४, म्हणजे सहा-सात पीएसआय कमी, ते का? तिघेही एकदम थोडेच झिरपतात!

मामांना विचारलं. ते आधी गाडीकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मीच सांगितलं हुतं पंपावर. हिला धक्के लई लागत हुते. बसच्या टायरात शंभराच्या आसपास हवा असती, मालक. हितं सहा-सात कमी केली तर काय बिघडतंय, असं वाटलं."

आतून मामी म्हणाल्या, "त्यांना नका बोलू. मला बरं वाटत हुतं त्यानं."

मला काय बोलावं ते सुचेना. कारण ते टायर माझ्याच दुकानातून बसवलेले होते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा आला होता. आईवडिलांना भेट म्हणून. मूळचे टायर १६५/८० आर १४, स्टीलच्या रिमवर. त्याला सोळा इंची अलॉय हवे होते. मापाच्या जवळ १९५/५५ बसतो, पण तो त्या दिवशी स्टॉकमध्ये नव्हता, २०५/५५ होता. दारात गाड्यांची रांग. मी दिला. मागे कोण बसतं, हे मी विचारलंच नाही. जुना सेट एक्स्चेंजमध्ये घेतला आणि दोन दिवसांत विकूनही टाकला.

आता हिशेब बघा. १६५/८० ची साइडवॉल १३२ मिलिमीटर उंच असते, २०५/५५ ची ११३. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरपर्यंत जाण्याआधी पहिल्यांदा झेलतं ते हे रबर आणि त्यातली हवा. तिथले दोन सेंटिमीटर मी काढून घेतले होते, तेही जिच्या मणक्यात स्क्रू आहेत तिच्या सीटखालून. मधल्या काळात एका गॅरेजने मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलून मामांकडून पैसे घेतले होते. फरक शून्य. गाडी आदळते म्हटलं की शॉकअब्सॉर्बर, हे औषध आमच्या गावात ताप आला की गोळी तसं दिलं जातं. टायरचं माप कुणी वाचत नाही.

आणि मग मामांनी डायरी काढली. एसटीत दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर, यावर ड्रायव्हरचं काम मोजतात. केपीटीएल म्हणतात त्याला. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. प्रत्येक वेळी टाकी फुल, तारीख, लिटर, किलोमीटर, सगळं निळ्या शाईत. दिवाळीपर्यंत पुण्याच्या फेरीला लिटरमागे २०.२. दिवाळीनंतर १८. गेल्या मे महिन्यातही एसी चालूच होता आणि तेव्हाही आकडा विसाच्या खाली नव्हता. म्हणजे एसीवर ढकलायची सोय नव्हती.

आम्ही दोघं काउंटरवर बसलो. त्यातला थोडा तोटा खोटाच होता. नवा टायर बाहेरच्या व्यासाने जुन्यापेक्षा दोन टक्के मोठा, त्यामुळे गाडी खरे १०० किलोमीटर धावली तरी मीटरवर ९८ पडत होते. म्हणजे १८ नव्हे, साधारण १८.४. मामांना हे फार आवडलं, त्यांनी समासात लिहून घेतलं. उरलेला तोटा मात्र खरा. हवा एक पीएसआय कमी असली की मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घसरतं, म्हणून मामांनी काढलेल्या हवेचा वाटा सव्वा-दीड टक्का. मोठा वाटा टायरचाच. चाक फिरताना रबर दबतं, पुन्हा सुटतं, आणि दबताना घेतलेला सगळा जोर ते परत देत नाही. उरलेल्याची उष्णता होते. चाळीस मिलिमीटर जास्त रुंदीचा, जड, रस्त्याला चिकटून धरणारा टायर हा कर दर फेऱ्याला घेतो. मिशलिनने १९९२ मध्ये रबरात सिलिका घालून हीच उष्णता कमी करणारा टायर आणला, आता बऱ्याच कंपन्या तसे बनवतात. पण आमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं ते दोनच प्रश्न. किती हजार किलोमीटर चालंल, आणि दिसायला कसा हाय.

मी मामांना तसं निघू दिलं नाही. गावात फोन फिरवून अकरापर्यंत स्टीलचे चार रिम मिळवले. रॅकवरच्या १६५/८० आर १४ मधला इंधन वाचवणाऱ्या जातीचा सेट चढवला, दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरली, अलाइनमेंट केली. पैसे कसे लावले ते इथे लिहीत नाही, पण दिवाळीचा नफा मी ठेवला नाही. मग मामींना मागेच बसवून होटगी रोडने विमानतळापर्यंत नेऊन आणलं. रस्ता खोदून बुजवलेल्या एका पट्ट्यावर मी मुद्दाम वेग कमी केला नाही. आरशातून बघत होतो. पट्टा गेला. मामींनी पाठीमागची एक उशी काढून मांडीवर घेतली. बोलल्या काहीच नाहीत.

मुलाचा फोन आला तो संध्याकाळी. आधी चिडलेला, "पूर्वीचीच चाकं लावली तुम्ही!" मी त्याला त्या काळ्या रबराच्या भुकटीचा फोटो पाठवला. त्यानंतर बराच वेळ काही आलं नाही. मग एकच ओळ आली, आई पोचली का. अलॉय अजून माझ्याकडे मागच्या खोलीत पडून आहेत. तो न्यायला आला नाही, आणि मीही ते विकलेले नाहीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन.

"मालक, १९.५ आलं. वरचं पॉइंट सात कुठं गेलं?"

मी म्हटलं, "मामा, दिवाळीआधीचे टायर निम्मे झिजलेले होते. नव्याची नक्षी आठ मिलिमीटरची, रबर जास्त, ते जास्त दबतं. झिजलेला टायर हलका पळतो."

"म्हंजे हे झिजल्यावर वाढंल?"

"वाढेल थोडं. पण पावसात झिजलेल्या टायरवर जाऊ नका."

"न्हाई जात. थांबा, लिहून ठेवतो."