कंपनीवाले आणि मळेवाले

नाशकात घरचं एखादं काम आपणच करू म्हणून शिडी बाहेर काढली, की ते काम आपल्या एकट्याचं राहत नाही. रस्त्याने जाणारा थांबतो, वर बघतो आणि विचारतो, "ड्रिलला कितीचं बिट लावलंय?" या शहरात सल्ला देणाऱ्यांची दोन घराणी आहेत, कंपनीवाले आणि मळेवाले. एकदा ही दोन्ही दारात असली की मोबाइलवरचे व्हिडिओ बघायची गरजच पडत नाही. तसेही त्या व्हिडिओतले लोक लाकडी भिंतीत स्क्रू पिळतात. आपल्याकडे वीट, सिमेंट आणि मध्येच एखादा हट्टी खडा.

ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना आला, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती वाढल्या. त्यामुळे निवृत्त फिटर शोधायला कॉलनीबाहेर जावं लागत नाही. आमच्या शेजारचे काका त्यातलेच. भिंतीला भोक पाडण्याआधी ते बिटवर चिकटपट्टीची खूण करतात, म्हणजे स्क्रूची गिट्टी बसेल तेवढंच खोल जाईल. नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची तीही आट्यांच्याच दिशेने. उलटी गुंडाळली तर नळ पिळताना ती सुटून गोळा होते. माप घेतात मिलिमीटरमध्ये, बोलतात मात्र सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. सोळा एमएमची नळी त्यांच्या लेखी "पाच सूत".

मामा मळेवाले, द्राक्षांच्या पिंपळगावचे. त्यांचं सामान म्हणजे पकड, छाटणीची कात्री आणि बागेतून उरलेली तार. कुठलीही गोष्ट आवळली की टिकते, यावर त्यांची श्रद्धा आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा टिकतेही.

गच्चीवरच्या कुंड्यांना ठिबक करायचं ठरलं तेव्हा ही दोन्ही घराणी समोरासमोर आली. नळी जोडाला बसेना. मामांनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं, नळीचं तोंड त्यात धरलं, ते मऊ पडलं आणि जोड सरकन आत गेला. काकांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष टाकीकडे होतं. ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, ताशी चार लिटरचे, पण तेही एक किलो दाबाला. तेवढा दाब हवा तर पाणी दहा मीटर उंचावर पाहिजे. आपली टाकी कुंड्यांच्या जेमतेम दोन मीटर वर. काकांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं: निम्म्याहूनही कमी पाणी पडणार, छोटा पंप बसवा. मामा म्हणाले, "मग दुप्पट वेळ चालू ठेवा ना."

दोघंही बरोबर होते. पंप आणला नाही. मला वाटतं, भिंतीत जे जातं ते काकांच्या हातून व्हावं आणि मातीत जे जातं ते मामांच्या. कुंडीत नुसती काळी माती भरू नका, हेही मामांनीच सांगितलं. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते. पोयटा घाला, शेणखत घाला. स्वतःची बाग मात्र काळ्या मातीत.

गेटवरच्या द्राक्षवेलाचा मांडव हे दोघांचं एकत्र काम. खांब काकांचे, ओळंब्यात, तारा मामांच्या. वेल मांडवभर पसरला, पण घड काही लागेनात. घरगुती वेलांचं हेच होतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची असते, वेल जवळजवळ बोडका करायचा, म्हणजे नव्या काड्या फुटून उन्हाळ्याच्या उन्हात त्यांच्या डोळ्यांत घड धरतात. आणि एप्रिलमध्येच आपल्याला गेटवर सावली हवी असते. कात्री लावायला कोण धजणार? मामा धजले. आई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

ऑक्टोबरच्या छाटणीला, म्हणजे घड बाहेर काढणाऱ्या छाटणीला, मामा पुन्हा आले. काकांनी विचारलं, काडी केवढी जाड असली म्हणजे ठेवायची? "पेन्सिलीएवढी," मामा म्हणाले. काका घरी जाऊन जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन आले आणि आधी माझ्या मुलाची पेन्सिल मोजली. सात मिलिमीटर. मग ते शिडीवर चढून एकेक काडी मोजायला लागले. तोवर मामा निम्मा वेल छाटून चहाला बसले होते.