अंतरपाट, समई आणि हँडीकॅम : माझा अनुभव

मार्गशीर्षात माझ्या भाचीचे लग्न ठाण्यात, नौपाड्यातील एका जुन्या सभागृहात झाले. मुलाकडच्यांनी छायाचित्रकार आणि व्हिडिओवाले ठरवले होतेच, परंतु घरच्या माणसांचे, विशेषतः आमच्या ८६ वर्षांच्या आईचे चित्रण घरातल्याच कोणीतरी करावे, अशी ताईची फार इच्छा होती. मी होकार दिला, पण मनात धास्ती होती. तीन महिन्यांपूर्वी साखरपुड्याला मी जे चित्रण केले होते, त्यात खिडकीपुढे बसलेल्या भाचीचा चेहरा सबंध तासभर काळवंडलेला दिसत होता आणि ट्यूबलाइटखालच्या दृश्यांवरून फिकट पट्टे सरकत होते. ते चित्रण पुन्हा करता येण्यासारखे नव्हते, याचे मला अतिशय वाईट वाटले होते.

दोन्ही दोषांचे मूळ एकच होते : मी सगळे निर्णय कॅमेऱ्याच्या ऑटो मोडवर सोपवले होते. ऑटो मोड चौकटीतल्या साऱ्या उजेडाची सरासरी काढतो. नवरी कोण आणि खिडकी कोणती, हे त्याला कळत नाही. बाहेरचे ऊन पाहून त्याने शटरचा वेग वाढवला, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ कमी केला, म्हणून चेहरा काळोखात गेला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि वाढलेल्या शटरचा त्या लयीशी मेळ न बसल्याने पट्टे उमटले. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर कायम ठेवले की हे पट्टे जातात.

लग्नाआधी पंधरा दिवस मी घरी रोज संध्याकाळी सराव केला. देवघरात समई लावून, शेजारी ट्यूब सुरू ठेवून, नंतर ट्यूब बंद करून, एकेक बदल वहीत लिहिला. लहान हँडीकॅमला कमी उजेडात फार मर्यादा असतात. माझ्या कॅमेऱ्याचे भिंग पूर्ण उघडे असताना एफ १.८ असते (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), पण झूम पूर्ण वाढवला की ते ३.४ पर्यंत येते, म्हणजे उजेड एक तृतीयांशापेक्षाही कमी उरतो. ती उणीव भरून काढण्यासाठी गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा कृत्रिमरीत्या वाढवणारी सोय, वाढवावा, तर दर ६ डेसिबलला चित्र दुप्पट उजळते खरे, पण माझ्या कॅमेऱ्यात १२ च्या पुढे चेहऱ्यावर रवाळ दाणे दिसू लागतात. म्हणून झूमचा मोह सोडून आपणच दोन पावले पुढे जायचे, हे मी मनाशी पक्के केले.

लग्नाच्या दोन दिवस आधी, मुहूर्ताच्याच वेळेला, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास, मी सभागृह पाहून आले. डिसेंबरचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे बोहल्याच्या मागच्या दोन खिडक्यांतून ऊन थेट आत येत होते, आणि वरून पिवळे हॅलोजन. एकाच चौकटीत सुमारे ५६०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप) निळसर आणि ३२०० केल्व्हिनचा नारिंगी असे दोन उजेड आले, की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी, कोणताही ठेवला तरी एक बाजू बिघडते. मी व्यवस्थापकांना विचारले, "मंगलाष्टकांच्या वेळी मागचे पडदे ओढून घेता येतील का?" ते म्हणाले, "ताई, सजावटवाले आधीच मागे कापड लावणार आहेत, त्यांना जाड कापड लावायला सांगतो." त्या एका जाड कापडाने माझे अर्धे काम हलके केले. गुरुजींनाही फोन करून अंतरपाट कोणत्या बाजूला काढणार ते विचारून घेतले आणि त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात उभी राहण्याची जागा ठरवली.

लग्नाच्या दिवशी गौरीहराच्या खोलीत पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स लावला असता समईचा उजेड निर्जीव दिसू लागला, म्हणून मी तो मुद्दाम थोडा पिवळसर राहू दिला. अष्टपुत्री नेसलेली भाची अन्नपूर्णेसमोर तांदूळ वाहत होती आणि समईची ज्योत तिच्या मुंडावळ्यांच्या मोत्यांत हलत होती. ते चित्रण माझे मलाच आवडते.

खरी कसोटी अंतरपाटाची होती. कुंकवाचे स्वस्तिक असलेले ते पांढरेशुभ्र वस्त्र निम्मी चौकट व्यापते. ऑटो मोड ते वस्त्र पाहून सगळे चित्र अंधारे करतो आणि अंतरपाट दूर होताच, नेमक्या त्या क्षणी, उजेड सावरण्यासाठी एक-दोन सेकंद चाचपडतो. घरी मी यजमानांना पांढरे उपरणे धरून उभे करून हे आठ-दहा वेळा तपासले होते. म्हणून मामा भाचीला बोहल्यावर घेऊन आल्याबरोबर मी तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊन झेब्रा, म्हणजे ठरावीक उजळपणाच्या भागावर पडद्यावर तिरके पट्टे दाखवणारी खूण, ७० टक्क्यांवर ठेवला, कपाळावर आणि गालाच्या उंचवट्यावर जेमतेम पट्टे दिसू लागले तेथे उजेड थांबवला, शटर १/५०, गेन ९ आणि फोकसही हाताने कायम केला. मंगलाष्टके चालू असताना वस्त्राचे तलम धागे पार पांढरे होऊन हरवले; ते मी हरवू दिले. ध्वनीची पातळीही आधीच हाताने कमी ठेवली होती, कारण शेवटच्या "सावधान"नंतर सनई-चौघडा एकदम वाढतो. अंतरपाट उत्तरेकडे निघाला, अक्षता पडल्या, आणि तिचा चेहरा आधी होता त्याच उजेडात, तसाच स्वच्छ, डोळे वर उचलताना मिळाला.

आईच्या बाबतीत मात्र वेगळीच अडचण निघाली. ती पहिल्या रांगेत पंख्याखाली बसली होती आणि दिवा पंख्याच्याही वर असल्याने पात्यांची सावली तिच्या चेहऱ्यावरून भरभर फिरत होती. सावलीची ही उघडझाप खरीच असते, ट्यूबच्या पट्ट्यांसारखी शटर बदलून जात नाही. मी मेहुण्यांना खुणेने विनंती केली आणि त्यांनी आईची खुर्ची दोन फूट बाजूला सरकवली. तेवढ्यानेच काम झाले.

लाजाहोमाच्या वेळी धुरामुळे ऑटोफोकस सतत मागे-पुढे झाला असता, म्हणून तेथेही हातानेच फोकस ठेवला आणि उजेड ज्वाळेसाठी न मोजता चेहऱ्यांसाठी मोजला. संध्याकाळच्या स्वागत समारंभात मंचामागचे एलईडी दिवे सारखे जांभळे-हिरवे होत होते. घरच्यांची दृश्ये घेईपर्यंत एकच उबदार पांढरा रंग ठेवण्याची विनंती सजावटवाल्यांनी लगेच मान्य केली. माझ्या कॅमेऱ्याच्या सर्वोच्च दर्जात, म्हणजे सेकंदाला २८ मेगाबिट या वेगाने, ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे अडीच तास मावतात. तीन कार्डे भरली आणि त्याच रात्री पाचपाखाडीतील घरी पोहोचताच ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवली.

संपादन करताना एकच दोष राहिला. होमानंतर कोणीतरी मागचे कापड बाजूला केले होते, त्यामुळे सप्तपदीच्या दोन दृश्यांत जावईबापूंच्या उजव्या खांद्यावर खिडकीची निळी कडा दिसते. ती काढायला गेले की शेजारी उभ्या असलेल्या आईच्या मोतिया रंगाच्या नऊवारीचा रंग बदलतो, म्हणून ती कडा मी तशीच राहू दिली.