मिटलेलं टोडस्टूल आणि नवा रिफ्रॅक्टोमीटर

9 मे, रात्री साडेअकरा

अठरा दिवस झाले, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं टोडस्टूल (छत्रीच्या आकाराचं मऊ लेदर कोरल) मिटलेलंच आहे. आधी आठवडाभर मी शांत होते कारण लेदर कोरल अधूनमधून कात टाकतं, वर मेणासारखा थर येतो, पॉलिप (कोरलची फुलांसारखी बारीक तोंडं) आत जातात आणि मग तो थर पाण्याच्या झोतानं निघून जातो, हे दोन वर्षांत तीन-चारदा बघितलंय. पण यावेळी छत्री कडेनं आत वळायला लागली आणि देठ एका बाजूला कलला, तेव्हा पोटात खड्डाच पडला.

मग चार दिवसांत मी काय काय केलं ते लिहून ठेवते. लाइट कमी केला. पॉवरहेडचं, म्हणजे टँकमधे झोत सोडणाऱ्या पंपाचं, तोंड फिरवलं. पाणी गाळायला नवा कार्बन घातला. रात्री दोनला टॉर्च घेऊन बसले, कोणी किडा खातोय का बघायला, आई उठून आली आणि माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली, म्हणाली तू झोप जरा, मी बघते. अल्कलिनिटी 8.2, नायट्रेट 10, टेम्परेचर 27, सगळं ठीक. बडोद्यात सध्या 43 डिग्री आहे, पंखा टँकवर चोवीस तास चालू, रोज चारेक लिटर पाणी उडतं, पण ते आरओच्या पाण्यानं भरतेय. सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, 35 पीपीटी (दर किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार). दोनदा वॉटर चेंज केला तरी काही फरक नाही.

आज संध्याकाळी वहीची जुनी पानं उलटताना थांबले. मार्चमध्ये 20 लिटर पाण्याला 760 ग्रॅम सॉल्ट. गेल्या वॉटर चेंजला 845. ब्रँड तोच, बादली तीच. मग एवढं जास्त सॉल्ट कशाला लागतंय?

मधे बदललं ते एकच. एप्रिलच्या सुरुवातीला जुना रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचा मीटर) हातातून पडून फुटला आणि नवा आला. कागदावर लिहिलं होतं तसं आरओच्या पाण्यावर शून्य लावलं आणि टँकचं पाणी बघितलं तर 31. मला वाटलं सॅलिनिटी उतरली, आणि आठवडाभर रोजच्या भरणीत आरओऐवजी खारं पाणी घालत घालत 35 वर आणली.

जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातला काटा घेतला, 1927 ग्रॅम आरओच्या पाण्यात 73 ग्रॅम कोरडं मीठ. नुसत्या मिठाचं हे 3.65 टक्क्यांचं पाणी रिफ्रॅक्टोमीटरमधे समुद्राच्या 35 पीपीटीसारखंच दिसायला हवं. माझ्या मीटरनं 31 दाखवलं. शून्याला बरोबर, पण वर जाता जाता चुकतो. म्हणजे टँक तेव्हा नीटच होता, आता तो 39 वर आहे आणि प्रत्येक वॉटर चेंजला मी त्याच मीटरनं मोजलेलं तसलंच पाणी घालत होते. हे लिहिताना हात जड होतोय. या कोरलला उभं राहायला हाडं नाहीत, आतल्या पाण्याच्या दाबावरच ते फुगतं, आणि बाहेरचं पाणी जास्त खारट झालं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं.

जामनगरजवळ नराराला ओहोटीत गुडघाभर पाण्यातून चालताना जिवंत कोरल बघितले होते, त्यानंतरच हा टँक केला. (हार्ड कोरलना आपल्याकडे कायद्याचं संरक्षण आहे, ते मी ठेवत नाही, ठेवणारही नाही.) कच्छच्या आखाताचं पाणी मुळातच जास्त खारट आणि तिथले कोरल त्यातच वाढलेले. माझं टोडस्टूल दोन वर्षं 35 मधे होतं आणि आठवड्यात मी त्याला चारनं वर नेलं.

आता खाली आणायचं पण हळू. 200 लिटरमधून रोज पाच लिटर काढायचं आणि तेवढंच आरओ घालायचं, म्हणजे दिवसाला साधारण एक पीपीटी. लाइट आणि पॉवरहेड जुन्या जागी, बाकी कशाला हात लावायचा नाही. मीटर मिठाच्या पाण्यावर 35 ला लावलाय, बाटलीवर तारीख टाकलीये.

16 मे

तीन दिवस झाले, 35 वर स्थिर. सकाळी मेणाचा थर एका बाजूनं सुटून फडक्यासारखा हलत होता, ओढून काढायचा मोह आवरला, पॉवरहेड थोडा त्याच्याकडे वळवला. दुपारी ऑफिसमधे आईचा फोन, "अगं, कडेला बारीक बारीक काहीतरी बाहेर आलंय." घरी येऊन मोजले, अकरा पॉलिप. मधला भाग अजून गुळगुळीत आहे, देठ कललेलाच.