कार्ड लगेच लागले, ओनर मात्र सापडेना: विभागांची कामे प्लॅनरवर आणताना

पर्चेस, स्टोअर्स, प्रॉडक्शन आणि क्वालिटी अशा चार विभागांची सामाईक कामे एका ठिकाणी लावायची असतील तर मायक्रोसॉफ्ट प्लॅनर हे कामांची कार्डे लावण्याचे ॲप पुरेसे आहे आणि ते वापरायला प्रशिक्षणाची फारशी गरज नाही, हे मी आधीच मान्य करते. काम लिहायचे, नाव लावायचे, तारीख टाकायची, एवढे कोणालाही जमते. मला त्रास झाला तो त्याच्याही आधीच. ज्या प्लॅनवर, म्हणजे कामांच्या सामाईक फलकावर, ही कामे लावायची होती, त्याच्या सदस्यांच्या ग्रुपचे ओनर (नवे सदस्य घेण्याचा अधिकार असलेले) कंपनी सोडून गेलेले होते आणि त्यामुळे दुसऱ्या विभागातील एकाही माणसाचे नाव मला कार्डावर लावता येत नव्हते. ही गाठ सोडवून घेताना जी दमछाक झाली तिची चीड अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचा कारखाना नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे आणि आम्ही वाहन उद्योगासाठी सुटे भाग बनवतो. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या सर्व्हेलन्स ऑडिटमध्ये (प्रमाणपत्रानंतरच्या नियमित तपासणीत) आम्हाला एक एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी किंवा त्रुटीची नोंद, मिळाली. स्टोअर्सच्या रॅकवर चिकटद्रव्याचा एक डबा मुदत उलटल्यानंतरही ठेवलेला ऑडिटरना दिसला. अशा एनसीचे मूळ कारण आणि प्रत्यक्ष अमलात आणलेली उपाययोजना 60 दिवसांत सादर करावी लागते. डबा उचलून बाजूला ठेवणे हे पाच मिनिटांचे काम होते; पण तो पुन्हा तिथे राहू नये यासाठी पर्चेसने पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) उरलेल्या मुदतीची अट घालायची, इनवर्ड म्हणजे आलेल्या मालाच्या तपासणीच्या चेकशीटमध्ये क्वालिटीने रकाना वाढवायचा, स्टोअर्सने डबा उघडल्याच्या तारखेचा टॅग लावायचा आणि प्रॉडक्शनने शिफ्टच्या सुरुवातीला तो टॅग पाहायचा, अशी साखळी उभी राहिली. याआधी अशा साखळ्या आम्ही एका शेअर्ड एक्सेलमध्ये ठेवत असू. त्या शीटमध्ये ‘जबाबदारी’ नावाचा रकाना होता आणि त्यात ‘पर्चेस / स्टोअर्स’ असे तिरकी रेघ मारून लिहिलेले असे. रिव्ह्यू मीटिंगमध्ये पर्चेसवाले स्टोअर्सकडे पाहत, स्टोअर्सवाले पर्चेसकडे पाहत आणि शेवटी ‘रिव्हाइज्ड टार्गेट डेट’च्या रकान्यात नवी तारीख पडे. ती तिरकी रेघ काढून टाकणे, एवढ्याच हेतूने मी प्लॅनरकडे वळले होते.

कार्डे लिहिणे, त्यांचे बकेट म्हणजे रकाने पाडणे, तारखा घालणे हे सगळे एका दुपारी झाले. इथे एक सांगून ठेवते: बकेट विभागांच्या नावाचे करू नयेत. प्रत्येक विभाग मग फक्त आपला रकाना पाहतो आणि आपले काम कोणाच्या कामावर अडले आहे हे त्याला कळतच नाही. मी बकेट टप्प्यांचे केले (तात्पुरता बंदोबस्त, मूळ कारण, कायमचा उपाय, पडताळणी) आणि विभाग दाखवण्यासाठी रंगीत लेबले वापरली. एका प्लॅनमध्ये 25 लेबले मिळतात आणि त्यांना आपल्याला हवी ती नावे देता येतात.

त्यानंतर मी पहिल्या कार्डावर स्टोअर्सच्या इन्चार्जचे नाव लावायला गेले. नावाची पहिली अक्षरे टाइप केली तर खाली फक्त आमच्या क्वालिटीतल्या माणसांची नावे आली. पूर्ण नाव लिहिले, ईमेल पत्ता लिहिला, तरी काही उपयोग झाला नाही. कारण असे होते की आमच्या प्लॅनच्या मागे एक मायक्रोसॉफ्ट 365 ग्रुप होता आणि तो प्रायव्हेट होता. अशा ग्रुपमध्ये बाहेरचा माणूस घेण्याचा अधिकार फक्त ओनरला असतो. आम्ही सगळे नुसते मेंबर होतो. हा ग्रुप मागे कधीतरी आमच्या आधीच्या क्वालिटी मॅनेजर साहेबांनी ग्राहकांच्या तक्रारींसाठी उघडला होता. ते दुसरीकडे गेले, त्यांचे खाते बंद झाले आणि ग्रुप मात्र मालकाविना तसाच चालू राहिला. जुनी कार्डे दिसत होती, नवी लागत होती, म्हणून कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. आऊटलूकमध्ये त्या ग्रुपची सदस्यांची यादी उघडल्यावर ओनरच्या जागी एकही नाव नव्हते.

कोणी म्हणेल, मग नवा प्लॅन का नाही उघडला? तो मार्गही बंद होता. नवा सामाईक प्लॅन म्हणजे त्या चारही विभागांची माणसे असलेला ग्रुप, म्हणजे आमच्यासाठी नवाच ग्रुप, आणि ग्रुप उघडण्याची परवानगी आमच्या आयटी विभागाने सर्वांकडून काढून स्वतःकडे ठेवली आहे. तशी सोय ॲडमिनला असते आणि ती वापरण्यात गैर काही नाही. ज्याला सुचेल त्याने ग्रुप उघडले तर दोन वर्षांत त्यांचा उकिरडा होतो, हेही मला कळते. पण नव्या ग्रुपच्या अर्जावर त्यात येणाऱ्या प्रत्येक विभागाच्या प्रमुखाची मंजुरी लागत होती आणि आमचे पर्चेस हेड तेव्हा दौऱ्यावर होते. 60 दिवस तर मोजले जातच होते.

म्हणून मी हेल्पडेस्ककडे तिकीट टाकले. ‘अमुक प्लॅनमध्ये अमुक चार व्यक्तींना मेंबर करावे’ असे त्यात स्वच्छ लिहिले. उत्तर आले की कृपया ग्रुप ओनरशी संपर्क साधावा. मी कळवले की ओनर कंपनीत नाहीत. त्यावर मेंबर वाढवण्याचा ठरावीक फॉर्म आला आणि त्यात लाल चांदणी लावलेला एक सक्तीचा रकाना होता: ‘विद्यमान ओनरची संमती (ईमेल जोडावा)’. जो माणूस नाही म्हणून अर्ज करायचा, त्याच्याच संमतीशिवाय अर्ज पुढे सरकणार नव्हता. मी त्या रकान्यात एचआरने पाठवलेला त्यांच्या निरोप समारंभाचा मेल जोडला. थोडा राग त्यात होता, हे नाकारत नाही. काही दिवसांनी तिकिटाची स्थिती ‘रिझॉल्व्हड’ अशी दिसू लागली आणि खाली कारण लिहिले होते की या नावाचा ग्रुप अस्तित्वात नाही.

हे वाचून मी फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र होता. “मॅडम, तुमचं तिकीट तर क्लोज झालंय, नवीन टाकाल का?” असे त्याने विचारले. काम झालेले नाही, असे मी सांगितल्यावर तो म्हणाला, “हो मॅडम, पण ते आमच्याकडे क्लोज दिसतंय.” या वाक्यावर काय बोलावे हे मला आजही सुचलेले नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे बरोबर होते, कारण त्यांच्या विभागाचे मोजमाप तिकीट किती तासांत बंद झाले यावर होते आणि बंद झालेल्या तिकिटाच्या आत काय आहे ते मोजणारा रकाना त्यांच्या डॅशबोर्डवर नव्हता. त्याच संध्याकाळी मला मिळालेल्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असे विचारणारा मेलही आला. मी तो तसाच ठेवला आहे.

ग्रुप अस्तित्वात नाही, असे त्यांना का दिसले याचा उलगडा पुढे झाला आणि ज्यांना अशी वेळ येईल त्यांच्यासाठी तोच सर्वांत उपयोगी भाग आहे. प्लॅनचे नाव आणि ग्रुपचे नाव एकच असेल असे नाही. एका ग्रुपमध्ये अनेक प्लॅन असू शकतात आणि प्लॅनचे नाव मागाहून बदलता येते. आमच्या प्लॅनचे नाव कोणीतरी बदललेले होते. ॲडमिनच्या यादीत शोध ग्रुपच्या नावाने किंवा त्याच्या ईमेल पत्त्याने लागतो. तेव्हा तिकिटात प्लॅनचे नाव लिहून थांबू नये. ग्रुपचा ईमेल पत्ता लिहावा आणि सदस्यांच्या यादीचा, ओनरची जागा रिकामी दाखवणारा, स्क्रीनशॉट जोडावा.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘मेंबर वाढवा’ अशी विनंती पहिल्या फळीकडे जाते आणि ती फळी ओनरकडे बोट दाखवते, कारण नियम तसाच आहे. मी नव्या तिकिटात मेंबरचा विषयच काढला नाही. ‘या पत्त्याच्या ग्रुपला ओनर नाही; ॲडमिन सेंटरमधून पुढील दोन व्यक्तींना ओनर करावे’ एवढेच लिहिले आणि आमच्या प्लांट हेड साहेबांना प्रतीत ठेवले. प्रतीतल्या नावाचा परिणाम किती आणि मजकुराचा किती, हे मी सांगू शकत नाही, पण या वेळी तिकीट थेट ॲडमिनकडे गेले आणि दुपारच्या चहाच्या आत काम झाले. ॲडमिनला ते ग्रुप उघडून ओनरच्या यादीत नाव घालण्याएवढेच असते. इतके दिवस मी ज्यासाठी मागे लागले होते ते एवढेसे होते, हे पाहून सुटल्यासारखे वाटण्याऐवजी मला आणखीच राग आला. ओनर निघून गेला तर ग्रुपमधल्या सर्वांत सक्रिय सदस्यांना आपोआप मेल जावा आणि त्यांनी होकार दिल्यास त्यांना ओनर करावे, अशी सोयही ॲडमिनला चालू करता येते. ती आमच्याकडे बंद होती. आता चालू आहे का, हे मी विचारले आहे.

स्टोअर्सच्या इन्चार्जचे नाव अखेर कार्डावर लागले. तिथे एक छोटी अडचण आली ती अशी की इनवर्डच्या टेबलावरचा संगणक स्टोअर्सच्या एकाच कॉमन लॉगिनवर चालतो आणि ते काम त्या लॉगिनच्या नावावर लावा, असा त्यांचा आग्रह होता. मी ते मानले नाही. कॉमन लॉगिनला काम देणे म्हणजे तिरकी रेघ पुन्हा आणणेच होते. त्यांच्या स्वतःच्या खात्याने फोनवर मायक्रोसॉफ्ट टीम्स हे ॲप सुरू करून दिले. मेल ते पाहत नाहीत, पण टीम्सची सूचना वाजली की पाहतात.

मग प्रशिक्षणाचे कार्ड. टॅग कसा वाचायचा हे तीन विभागांनी आपापल्या माणसांना समजावून सांगायचे होते, म्हणून त्या कार्डावर तिघांची नावे होती. प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने आपल्या माणसांचे प्रशिक्षण आटोपले आणि कार्ड पूर्ण झाल्याची खूण केली. त्याने केले ते योग्यच होते. पण प्लॅनरमध्ये कार्ड एकच असते, नावे कितीही असोत, आणि एकाने ते पूर्ण केले की ते सर्वांसाठीच पूर्ण होते. उरलेल्या दोघांच्या ‘माझी कामे’ यादीतून ते नाहीसे झाले आणि त्यांना वाटले की विषय संपला. पुढच्या रिव्ह्यूमध्ये हजेरीपत्रके मागितली तेव्हा एकाच विभागाचे निघाले. त्या दिवसापासून आमच्याकडे एका कार्डाला एकच नाव असते आणि तीन विभागांचे काम असेल तर तीन कार्डे होतात. कार्डाची नक्कल करता येत असल्याने यात श्रम नाहीत. कार्डातल्या चेकलिस्टवर विसंबू नये, कारण साध्या प्लॅनमध्ये चेकलिस्टच्या ओळीला स्वतंत्र नाव किंवा तारीख लावता येत नाही आणि ओळीही 20 च मिळतात.

तारखांबद्दलचे आत्ता आठवले, खरे तर ते आधीच सांगायला हवे होते. ड्यू डेट पुढे ढकलली की जुनी तारीख कार्डावर कुठेही उरत नाही. एक्सेलमध्ये निदान ‘रिव्हाइज्ड’ असा रकाना तरी होता, इथे उशीर झाला होता याचा मागमूस राहत नाही आणि ज्याला तारीख ढकलायची आहे त्याला तर हे फारच सोयीचे पडते. म्हणून तारीख बदलणाऱ्याने कार्डाच्या टिपेत जुनी तारीख आणि कारण लिहायचे, असे मी सर्वांकडून कबूल करून घेतले. पर्चेसने सुरुवातीला कुरकुर केली, मग लिहू लागले.

एनसी मुदतीत बंद झाली. पुढच्या ऑडिटला पुरावा म्हणून संपूर्ण प्लॅन एक्सेलमध्ये उतरवून दिला. त्यात काम कोणी लिहिले, कोणाच्या नावावर होते, कोणी पूर्ण केले आणि कोणत्या तारखेला, हे रकाने आपोआप येतात. ऑडिटरनी ते पाहिले आणि लगेच स्टोअर्सच्या रॅककडे निघाले, जे योग्यच होते. आणि हो, कंपनीने वाटलेली जुनी मार्गदर्शिका समोर ठेवून बटणे शोधत बसू नये. 2024 मध्ये टीम्समधल्या प्लॅनरचे रूप बदलले आहे आणि त्या मार्गदर्शिकेतली बरीच चित्रे आता जुळत नाहीत.

सध्या माझा पाठपुरावा एचआरकडे चालू आहे. नोकरी सोडताना जो नो-ड्यूज फॉर्म भरावा लागतो त्यात लॅपटॉप, ओळखपत्र, लॉकरची किल्ली, कॅन्टीनची बाकी असे सगळे असते. त्यात ‘कोणकोणत्या ग्रुपचे ओनर आहात आणि ते कोणाकडे सोपवले’ असा आणखी एक रकाना हवा, असे मी लेखी दिले आहे. तो येईपर्यंत आमच्या विभागातून कोणी राजीनामा दिला की मी त्यांच्या शेवटच्या आठवड्यात प्लॅन उघडते, कार्डे नावांनुसार लावून घेते आणि त्यांच्या नावाखालचे प्रत्येक उघडे कार्ड, ते जागेवर असतानाच, पुढच्या माणसाच्या नावावर करते.