काळी चारचा अभंग पांढरी सहावर

‘कॅसेट जुनी झाली, ताणली गेली, म्हणून आवाज बारीक येतो’ असं कुणी दुकानदार सांगायला लागला, तर टेपरेकॉर्डर उचला आणि सरळ घरी या. मी हे वाक्य तीन आठवडे ऐकलं. फीत ताणली तर तेवढंच गाणं जास्त लांबीवर पसरतं, म्हणजे ते रेंगाळतं आणि आवाज जाड होतो. बारीक होत नाही. पण हे मला दुकानात सुचलं नाही. परतताना रिक्षात बसल्यावर, ठाण्यातल्या ‘तीन पेट्रोल पंप’च्या सिग्नलला सुचलं.

आमची आई ७९ वर्षांची आहे. काचबिंदूमुळे तिला फोनच्या काचेवर काही दिसत नाही, आणि काचेवर बोटाला लागण्यासारखंही काही नसतं. रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या आमच्या टू-इन-वनचे खटके मात्र तिला पाठ आहेत. डावीकडून पहिला लाल, तो रेकॉर्डचा, त्याला हात लावायचा नाही. तिच्या चरईतल्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज सुना-मुली फोनवर पाठवतात. ती तिला कॅसेटवर हवी होती. ‘भरून दे ना’ म्हणाली. पूर्वी लोक दुकानात यादी देऊन गाणी भरून घ्यायचे, तसं.

माळ्यावरून टेप काढला तर आतला रबरी पट्टा वितळून काकवीसारखा पुलीला चिकटला होता. टेप बरीच वर्षं पडून राहिला की हे बऱ्याचदा होतं. म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानात दिला. गुलाबी चिठ्ठी मिळाली, ‘बुधवारी या’.

बुधवारी गेले तर पट्टा मिळाला नव्हता. शनिवारी गेले तर मिस्त्री गावाला गेला होता. पुढच्या बुधवारी टेप काउंटरवर होता, चालू होता, त्यावर एफएम जोरात लावलेलं होतं. रेडिओला पट्टा लागत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. साडेतीनशे रुपये देऊन आले.

घरी आईची जुनी कॅसेट लावली. अर्ध्या मिनिटात ती म्हणाली, ‘अगं, हा काळी चारचा अभंग, पांढरी सहावर कसा गेला?’ मला काही कळलं नाही. तिने पेटी, म्हणजे हार्मोनियम, काढायला लावली आणि स्वर धरून दाखवला: अभंग चौथ्या काळ्या पट्टीचा, आणि वाजत होता तिच्या लगेच पुढच्या सहाव्या पांढरीवर. बरोब्बर एक पट्टी वर.

मी टेप परत नेला. ‘मॅडम, कॅसेट जुनी आहे.’ दुसरी कॅसेट नेली. ‘तीपण जुनीच आहे ना?’ कॅसेट म्हटली की जुनीच असणार, नवी कुठून आणू? तिसऱ्या फेरीत त्याने झाकण उघडून बंद केलं, शंभर रुपये सर्व्हिसिंगचे लावले आणि वर ‘आता ऐका, किती छान’ म्हणाला. गर्दीत मलाही छान वाटलं. घरी आले, पेटी लावली. पांढरी सहा.

आता माझा मूर्खपणा. कंटाळून मी त्याच टेपवर दोन कॅसेटी भरून टाकल्या. आईने ऐकल्या, स्वर अगदी बरोबर. मला वाटलं, सुटलो. मग त्यातली एक कळव्याच्या मावशीला दिली. तिचा रात्री फोन आला, ‘मंडळातल्या सगळ्यांना सर्दी झालीय का गं?’

कॅसेटचा वेग ठरलेला असतो, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हापासूनचा. एका टेपवर भरलेली दुसऱ्यावर तशीच वाजते ती त्यामुळे. आमचा टेप धावत होता. त्याने धावत भरलं आणि धावतच वाजवलं, म्हणून घरात चूक दिसेना. मावशीचा टेप शहाण्यासारखा चालत होता, म्हणून तिथे सगळ्या जणी जड आवाजात गाऊ लागल्या.

खात्री करायची तर पेटी लागत नाही, फोनचं घड्याळ पुरतं. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांच्या थोडी वर चालते. आमच्याकडे २९ मिनिटांतच खट्ट. दुकानातून टेप आणण्याआधी हे बघून घ्या, अर्धा तास उभं राहावं लागलं तरी चालेल.

दुरुस्ती शेवटी घरीच झाली. मोटरच्या पाठीला बहुतेक वेळा एक बारीक भोक असतं, आमच्या मोटरच्या भोकावर रबराची टिकली होती. आत वेगाचा स्क्रू. घड्याळजीचा पेचकस घेऊन मी केसभर फिरवायची, आई डोळे मिटून पेटीवर काळी चार धरून बसलेली. ‘खाली घे. अजून. जास्त झालं, वर ये.’ पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. मग तिने भाता सोडला आणि नुसती मान हलवली. मला दहावीच्या निकालालाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

भरण्याचं काम त्यामानाने काहीच नाही. आमच्या टेपला मागे लाइन-इनचं भोक आहे, फोनपासून तिथवर एक वायर. तुमच्याकडे फक्त माइकचं भोक असेल तर फोनचा आवाज अगदी कमी ठेवा, नाहीतर सगळं फाटतं. फोन चार्जिंगला लावून भरू नका, घूं येतं. एअरप्लेन मोड लावा, नाहीतर गवळणीच्या मध्यात मेसेजची टिंग कायमची जाऊन बसते. सुरुवातीची पाच-सहा सेकंदं कोरी पट्टी असते, तिच्यावर काही भरलं जात नाही. आमच्या पहिल्या अभंगाचं पहिलं पालुपद तिथेच गेलं.

हो, आणि फीत ज्याला घासून जाते ते हेड साफ करा, प्ले-रेकॉर्डचं आणि जुनं भरलेलं पुसणारं, दोन्ही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाची काडी. मी ते दुसरं साफ करायला विसरले होते, तर अभंगाच्या खालून भावाने कधीकाळी भरलेली क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती. आईला आधी वाटलं शेजाऱ्यांचा टीव्ही.

नव्वदच्या कॅसेटच्या मोहात पडू नका. फीत पातळ असते, जुना टेप ती खातो. विकतच्या गाण्यांची कॅसेट वापरायची असेल तर मागच्या कडेची भोकं चिकटपट्टीने बुजवा, म्हणजे लाल खटका दबेल. आणि आपलं भरून झालं की चिकटपट्टी काढा. कोरी कॅसेट असेल तर भरून झाल्यावर त्याच कडेच्या प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे लाल खटका दबणार नाही.

स्क्रू फिरवल्यावर त्या आधीच्या दोन्ही कॅसेटी अर्थातच आमच्याकडेही सर्दीने वाजायला लागल्या. दोन्ही पुन्हा भरल्या, एका रविवारी दोन तास. मावशीची न्यायला परवा कळव्याला गेले, तर रिक्षा नेमकी त्या दुकानावरून गेली. काउंटरवर कुणाचा तरी टेप होता, एफएम जोरात लावलेलं.