पफिन बघायला बेम्प्टनला, पण भाव खाल्ला गॅनेटने

पफिन, म्हणजे रंगीत चोचीचा छोटा समुद्रपक्षी, बघायचा हे फिक्स होतं, कुठे आणि कधी यावरच सगळा घोळ चाललेला. इंग्लंडची फार्न बेटं भारी आहेत, पण तिथे बोटीशिवाय जाता येत नाही आणि समुद्र खवळला की बोट रद्द, मग सुट्टी टाकून बसा किनाऱ्यावर. म्हणून तिथल्याच यॉर्कशायरमधला समुद्रकाठचा कडा, बेम्प्टन क्लिफ्स ठरवला, हल-स्कारबरो रेल्वे लाईनवर बेम्प्टनला उतरायचं आणि अर्धा तास चालत सुटायचं, बास.

तारीख मात्र नीट बघूनच ठरवा. गॅनेट (मोठा पांढरा समुद्रपक्षी) पार सप्टेंबरपर्यंत दिसतात, पण पफिन साधारण एप्रिलमध्ये येतो आणि जुलै संपेस्तोवर परत समुद्रात गायब, गिलेमॉट आणि रेझरबिल या समुद्रपक्ष्यांचंही तेच, त्यामुळे ऑगस्टमध्ये गेलात तर अर्धा कडा रिकामा. आम्ही मे अखेर धरली.

कडा दिसायच्या आधी वास येतो, विष्ठेचा आणि माशांचा, आणि मग तो गोंगाट! खडूचा पांढरा कडा, उंची जवळपास १०० मीटर, जिथे पाय टेकेल तिथे पक्षी, सीझनला पाच लाखांच्या आसपास असतात इथे. गिलेमॉट घरटं बिरटं काही बांधत नाही, उघड्या खडकावर एकच निमुळतं अंडं. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की धड उडताही येत नसताना खाली उडी टाकतं, आणि पुढे समुद्रात त्याला सांभाळतो तो बाप.

पफिन दिसला, पण तो इथे कड्याच्या फटींत राहतो आणि असतो जेमतेम ३० सेंटिमीटरचा, दुर्बीण नसेल तर विसरा. भाव खाऊन गेला तो गॅनेट. पंखांचा पसारा जवळजवळ दोन मीटर, कड्यावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख न हलवता अगदी तुमच्या समोर येऊन तरंगतो.

एकेकाळी लोक बोटीतून यायचे आणि नुसती मजा म्हणून यांच्यावर गोळ्या झाडायचे, किटीवेक नावाच्या गल पक्ष्याची पिसं बायकांच्या हॅटवर जायची. १८६९ मध्ये समुद्रपक्ष्यांसाठी कायदा आला, तरी दोराने कड्यावरून उतरून अंडी काढणं १९५४ पर्यंत चालूच होतं, कमाल आहे!

जाणार असाल तर सकाळीच गाठा, दुपारनंतर कडा सावलीत जातो आणि फोटोंची वाट लागते. आणि थोडा वारा असेल तर प्लॅन कॅन्सल करू नका, जॅकेट घाला आणि जा, गॅनेट तेव्हाच जवळ येतात.